कापसातला कॅमेरा

आई, तुझ्या नातीची बॅग आज दुपारी भरून झाली. परवा ती शिकायला परदेशी निघेल, आणि तिच्याबरोबर तुझा कॅमेराही जाईल. खिशात मावणारे हलके कॅमेरे आता सहज मिळतात, असं मी तिला एकदोनदा सुचवून पाहिलं. ती ऐकत नाही. आजीचाच हवा म्हणते. ज्या आजीने तिला कधी मांडीवर घेतलं नाही, तिचा. मी काढलेले तिचे फोटो तुला कधी नीट दिसलेच नाहीत, असं मी इतकी वर्षं समजत होते. तेही खरं नव्हतं, हे मला गेल्या महिन्यात अकोल्याला मावशीकडे कळलं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

हा कॅमेरा घेतला तो दिवस तुला आठवत असेल. माझं लग्न झालेलं, यांना आफ्रिकेत दारेसलामच्या बंदरात नोकरी लागलेली, आणि आपण दोघी अमरावतीहून गाडीने अकोल्याला मावशीकडे आलेलो. काका तिथल्या जिनिंग फॅक्टरीत होते. त्यांचा मॅनेजर कायमचा गाव सोडून निघाला होता आणि त्याने घरातलं सामान विकायला काढलं होतं. व्हरांड्यातल्या टेबलावर तीन कॅमेरे मांडलेले आहेत आणि तू पदर खोचून त्यांच्यासमोर उभी आहेस, भाजी निवडायला आल्यासारखी. मॅनेजर काकांशी बोलतो आहे, तुझ्याशी नाही. मला त्यातला लहान, डोळ्याला लावायचा कॅमेरा आवडला होता. तू आधी घडीचा कॅमेरा उघडलास, त्याचा कातडी भाता उन्हाकडे धरून आत डोकावलीस आणि परत ठेवलास. झुरळं खातील म्हणालीस. मग तो दोन भिंगांचा, जर्मन बनावटीचा. त्याची कळ पुन्हा पुन्हा दाबून तू कानाशी धरून ऐकत राहिलीस. तेव्हा कुठे मॅनेजरचं बोलणं थांबलं.

मी हळूच म्हटलं, मला तो लहान हवा. तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "तो डोयाले लावा लागते. परक्या देशात कॅमेरा डोयाले लावून उभी राह्यली, का लोक तुलेच पाहतीन. हा घे. मान खाली घालून काढता येते. लोकायले वाटन लाजून राहिली, अन् तू सारं पाहून राहिली."

बाबा गेल्यावर परकोटातला आपला स्टुडिओ तू याच रीतीने चालवलास. जिथे पुरुष फोटोग्राफरला ओसरीपलीकडे पाऊल टाकता येत नसे, त्या घरांतल्या बायका तुझ्यासाठी आतल्या खोलीत खुर्चीवर येऊन बसत. अचलपूरला बसने जायचो आपण; तिपाई माझ्या मांडीवर, कॅमेरा तुझ्या. परतताना तू डोळे मिटून बसायचीस आणि मला वाटायचं झोपलीस. एकदा मी शटरला हात लावून पाहिला, तर न उघडलेल्या डोळ्यांनीच माझी बोटं चापटलीस. आणि ओट्यावरचा तो वैशाख. मी कॅमेऱ्यावर टोपण न लावता आत पाणी प्यायला गेले आणि वावटळ आली. तू मला मारलं नाहीस, पण गिऱ्हाइकांसमोर जे बोललीस ते मला आजही तसंच ऐकू येतं. "भिंग म्हन्जे डोया हाय त्याचा. तुह्या डोयात धूळ गेली त चालन काय?"

धूळ. तुझी सगळी भीती धुळीची होती. आपल्याकडे वर्षाचे आठ महिने दुसरं काय असतं? म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तू घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा आणलास. मावशीने फॅक्टरीतून नुकती सरकी काढून निघालेली, दुधासारखी रुई पाठवली होती. तिचं घरटं करून तू कॅमेरा त्यात बसवलास. "काम झालं का कापसात. वरून कापूस, खालून कापूस, झाकन घट्ट. वाराबी लागू देऊ नोको." आणि दुसरी ताकीद, रोल तिथल्या कोणाच्या हातात द्यायचा नाही. इकडे पाठवायचा, तूच धुणार. फोटो काढून तुझ्याचजवळ ठेवणार, म्हणजे पोस्टात हरवायला नकोत आणि मी आले की सगळे एकदम बघता येतील.

तिथे मी तुझं ऐकलं, आई. इतकं की यांना हसू यायचं. ते म्हणायचे, तुझ्या आईने कॅमेरा दिलाय की बाळंतीण? समुद्र घरापासून जवळ होता. पावसाळ्यात मीठ भांड्यातून सुटायचं नाही, कपाटातल्या चपलांवर हिरवी लव यायची, उशांना वास यायचा. हे सगळं बघून मी कॅमेऱ्याची जास्तच काळजी घेऊ लागले, म्हणजे कापूस आणखी दाबून भरू लागले आणि झाकणाभोवती पट्टी गुंडाळू लागले. कापूस हाताला जड लागत होता. तो जड का, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. मी वऱ्हाडातली मुलगी. बाजारात गाडी नेण्याआधी कापसावर पाणी मारणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेली. कापूस पाणी पितो हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण तो कापूस तुझ्या हातचा होता. त्याच्यावर शंका घ्यायची मला सवयच नव्हती.

तुझी नात झाली. तिची आंघोळ, तिचं पालथं पडणं, वाळूत बसवलेली, यांच्या खांद्यावर, मागे बोटी. मी मान खाली घालून वरच्या भिंगातून बघायची. काचेवर सगळं लख्ख दिसायचं. रोल भरला की पोस्टात. मग तुझं कार्ड यायचं. रोल चांगले आले, पोरगी गुटगुटीत आहे. पुढच्या एका कार्डावर होतं की पोरीचं नाक कोणावर गेलंय ते नीट कळत नाही, माझे डोळे अधू झाले. मग पडदा आला आहे. मग मावशीच्या अक्षरात, की तुझ्या आईने मोतीबिंदू काढायचं ठरवलं आहे. इतकी वर्षं शेजारणी सांगत होत्या तेव्हा तू डॉक्टरकडे गेली नव्हतीस. अंधारात रोल धुवायला डोळे लागत नाहीत म्हणायचीस. आता मात्र नातीचं नाक पाहायचं होतं.

अकोल्याला ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तुला उताणं निजवलं होतं, हलायचं नाही, खोकायचं नाही. मावशी चमच्याने पेज भरवायची. ते नीट पार पडल्याचं पत्र आलं आणि मी आनंदाने ठरवलं की आता नव्या डोळ्यांसाठी एक खास फोटो काढायचा. जिथून रोल घ्यायची त्या गुजराती दुकानदाराकडे कॅमेरा पुसायला नेला. त्याने पाठ उघडली, खालचं भिंग खिडकीकडे धरलं, आणि मला जवळ बोलावलं. "बेन, इसमें तो जाला हो गया. फोटो कैसे आते थे?"

मी पाहिलं. काचेवर आतून बुरशी पसरली होती, बारीक, पांढरी, कापसाच्या तंतूंसारखीच. वरचं भिंग स्वच्छ होतं. बघायचं भिंग आणि उमटवायचं भिंग वेगळं, हे तूच मला शिकवलं होतंस, आणि तरी मला जे दिसतंय तेच तुला दिसत असणार असं मी धरून चालले होते. फोटो कसे येत होते ते मला माहीत नव्हतं. एकही मी पाहिला नव्हता. कुठे ठेवता, त्याने विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही. इथे याला डब्यात कोंडायचं नाही म्हणाला, हवा द्यायची, उजेड द्यायचा, ज्या फडताळावर रोज हात जातो तिथे उघडा ठेवायचा.

त्याच्या दुकानातच, त्याच्याच कॅमेऱ्याने मी पोरीचा फोटो काढून घेतला आणि तुला पाठवला. बुरशीचं लिहिलं नाही. काय लिहिणार होते? तुझ्या कापसाने भिंग खाल्लं? तुझे डोळे तितके वाईट नसतीलच? ऑपरेशन झालेल्या बाईला हे कळवू नये असं मला वाटलं. यांनाही तसंच वाटलं. पुढचा उन्हाळा लागला आणि तू झोपेतच गेलीस. मी बोटीने पोचले तेव्हा तेरावंही उरकलं होतं. मावशीने मला दुकानातला तेवढा फोटो परत दिला. बाकीचे कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, सापडत नाहीत.

गेल्या महिन्यात पोरीला पाया पडायला घेऊन गेले. मावशी आता फार थकली आहे. तिने पोरीला हाताने जवळ ओढलं, नाकावरून बोट फिरवलं, आणि मला म्हणाली, त्या पेटीतलं गाठोडं काढ. तेच फोटो. तिथेच जमिनीवर बसून मी ते पहिल्यांदा पाहिले. सुरुवातीचे बरे आहेत. मग हळूहळू धुकं. वाळूतली पोरगी म्हणजे एक पांढरा डाग आणि त्याला दोन हात.

मावशीने सांगितलं ते असं. पट्टी सुटली, जाड चष्मा आला, तेव्हा तू सगळ्यात आधी हे फोटो मागितलेस. एकेक पाहिलास. चष्मा काढून पुसलास. मग भिंतीवरचं कॅलेंडर मागवलंस आणि त्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचलीस, तिथी, वार, सगळं. पुन्हा फोटो घेतलेस. नंतर ते उशीखाली ठेवून म्हणालीस, चांगले आले. मावशीला वाटलं, झालं समाधान. पुढे दुकानातला फोटो पोस्टाने आला. त्यात पोरीच्या पापण्यासुद्धा मोजता येतात. तू तो खूप वेळ धरून बसलीस. मावशी म्हणाली, बघ, नाक तुझंच आहे. तू म्हणालीस, "हा तिनं नाही काढला." आणि मग, कोणी काही विचारलं नसताना, "कापूस त म्याच देल्ला व्हता."

मावशीने तुला समजावलं असेल, ती तशी आहे. पण तू तिला शपथ घातलीस. "तिले सांगू नोको. तिले वाटू दे, माहे डोयेच गेलते."

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. पोरीने एकदाच विचारलं, आई, काय झालं? मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेला.

मला तुझा राग येतो, आई. त्या शेवटच्या महिन्यांत तू कॉटवर पडून त्या कापसाचा विचार करत राहिली असशील आणि मी समुद्रापलीकडे, तुला लागू नये म्हणून, गप्प. एक कार्ड तू टाकलं असतंस तर मी उलट टपाली लिहिलं असतं की भिंग पुसून निघालं, एका कोपऱ्यात जरा डाग राहिला आहे, बाकी काही नाही. की धुक्यातली का होईना, पोरगी रोज माझ्यासमोर होती, मला फोटोची गरज नव्हती, फोटो तुझ्यासाठी होते. की वऱ्हाडात तुझी रीत चुकीची नव्हतीच. परत आल्यावर मी कॅमेरा पुन्हा त्याच डब्यात, कापसातच ठेवला, आणि इथे त्याला काही झालं नाही. हे तुला वाचता आलं असतं. तुला बारीक अक्षरंही वाचता येत होती.

आज बॅग भरताना पोरीने डबा उघडला, कॅमेरा उचलला, कापूस पलंगावर टाकला. तिकडे थंडी आणि पाऊस, असं तिने ऐकलं आहे. तिने विचारलं, कसा ठेवू? मी दुकानदाराने सांगितलेलं सगळं सांगितलं. उघडा ठेव, हवेत ठेव, रोज हाताळ. कोपऱ्यातला डाग दाखवला. हा कशाने, म्हणाली. सांगायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, जुना आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून ठेवते. ती खाली शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेली तेव्हा मी पलंगावरचा मूठभर कापूस कागदात गुंडाळून तिच्या बॅगेत घातला आहे. कॅमेऱ्याजवळ नाही, स्वेटरांच्या तळाशी, त्याला लागणार नाही असा. तिला सांगितलेलं नाही.