संपर्कप्रमुखाची पूर्वतयारी

३ मार्च, सोमवार

प्रभारी संपर्कप्रमुख झालो. 'प्रभारी' हे शेपूट महिनाभरापुरतं. साहेब म्हणाले, महिन्यात जमलं तर खुर्ची कायमची तुझी, नाहीतर मार्केटिंगचा गॉगल आहेच. (हा माणूस ऑफिसातही डोक्यावर गॉगल चढवून हिंडतो. टाळूला ऊन लागतं की काय कोण जाणे.)

काम काय, तर प्रेसच्या मेलबॉक्सवर पत्रकारांचं जे येईल त्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचं. बस्स! आम्ही लिफ्ट बनवतो. लिफ्टवाल्यांना कोण काय विचारणार? हा माझ्या डाव्या हाताचा मळ. पण मला असं वरवरचं काम करायचं नाही. आधी पाया पक्का करायचा. कम्युनिकेशन आणि पीआरवाल्यांसाठी जगात जी जी उत्तम ऑनलाइन साधनं आहेत ती शोधायची, वाचायची, मगच तोंड उघडायचं.

३ मार्च, दुपारी

अकरा न्यूजलेटरं सुरू केली. पत्ता प्रेसचा दिला. माझा स्वतःचा मेल सेलच्या जाहिरातींनी बरबटलाय, आणि व्यावसायिक ज्ञान व्यावसायिक पत्त्यावरच यावं.

५ मार्च

आणखी वीसेक न्यूजलेटरं. शिवाय एक पॉडकास्ट. विषय: थोडक्यात कसं बोलावं. नमनालाच घडाभर तेल! पाहुण्यांची ओळख संपेपर्यंत माझा चहा दोनदा झाला. मुद्दा आलाच नाही, बहुतेक पुढच्या भागात असेल.

ब्राउझरमध्ये इतके टॅब उघडलेत की नावं दिसत नाहीत, नुसत्या रेघा. एका जागी बसवत नाही. एक लेख अर्धा होतो तोच त्यात दुसऱ्याची शिफारस, की उठलो, पाणी प्यायलो, दुसरा उघडला. बायको म्हणाली, पायाला भिंगरी लागलीय तुझ्या. मी तिला समजावलं, याला रिसर्च म्हणतात. ती म्हणाली, मग जमलं तर प्लंबरच्या नंबरावरही थोडा रिसर्च कर, नळ आठवडाभर गळतोय.

उद्या प्लंबर. नक्की.

७ मार्च

झकास कल्पना! कंपनीच्या वेबसाइटवर एक पान: 'संपर्क व्यावसायिकांसाठी शिफारस केलेली साधनं'. साहेबांनी विचारलं, लिफ्ट घेणारा माणूस ते वाचून काय करणार? साहेबांना लांबचं दिसत नाही. पान करणारच. नियम एकच, मी स्वतः वाचलेलंच त्यात घालायचं.

दुपारी: नियम थोडा सैल केला. मी स्वतः पाहिलेलं.

संध्याकाळी: ऐकिवात असलेलं.

११ मार्च

कॉम्प्युटर विभागाचा मेल. प्रेसचा मेलबॉक्स भरत आलाय, जुनं काढून टाका म्हणे. न वाचलेलं ज्ञान कचऱ्यात टाकायचं? या लोकांना वाचनाची आवड नाही हेच खरं. रविवारी ठिय्या मारून बसणार, सगळं वाचणार, आणि मगच डिलीट.

प्लंबरचा फोन एंगेज होता. एकदा.

१६ मार्च, रविवार

वेळेच्या नियोजनावरचा व्हिडिओ दुप्पट वेगानं पाहिला. त्यामुळे जो वेळ वाचला त्यात झोपलो.

१९ मार्च

प्रेसचा मेलबॉक्स दोन दिवस शांत. एक तक्रार नाही, एक प्रश्न नाही. यालाच प्रतिष्ठा म्हणतात! न्यूजलेटरंसुद्धा थांबलीत, सगळीकडे एकदम सुट्ट्या लागल्या असाव्यात.

साहेबांना सांगितलं, तक्रारी शून्य. साहेब म्हणाले, वाटलं नव्हतं रे, असाच राहिलास तर खुर्ची तुझीच. गॉगलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घरी येता येता व्हिजिटिंग कार्डाचा कागद पसंत केला. जाडसर.

२१ मार्च, दुपारी

लाइव्ह वेबिनार: ऐकण्याची कला. फोन सायलेंटवर. मधेच पाहिलं तर सासऱ्यांचे मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल. सासरे निवृत्त तिकीट तपासनीस. अजूनही प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागतात. मागे मी ताप आलाय म्हटलं तर थर्मामीटर घेऊन घरी आले होते. यांना एकदा उत्तर दिलं की उलटतपासणी सुरू. संध्याकाळी करतो फोन.

२२ मार्च

सासरे काल लिफ्टमध्ये अडकले होते. दातांच्या डॉक्टरांकडे निघाले होते, आणखी चार जण सोबत होते, दोन मजल्यांच्या मधे तासभर. लिफ्ट आमची.

आज पेपरात आलंय. पत्रकारानं कंपनीला मेल केला तर मेलबॉक्स भरलाय म्हणून परत आला, हेही छापलंय. खाली सासऱ्यांचा फोटो. ते म्हणतात, माझा जावई तिथंच संपर्कप्रमुख आहे, पण संपर्क माझाही होत नाही.

बायको बोलत नाही. बातमीत 'प्रभारी' शब्द गाळलाय, ही पत्रकाराची ढोबळ चूक. खुलासा पाठवावा का?

२४ मार्च, सोमवार

साहेबांनी सगळ्यांसमोर मेलबॉक्स उघडायला लावला. न वाचलेल्यांचा आकडा इथंही लिहवत नाही. सगळ्यात वर होतं: पत्रकाराला तासाभरात उत्तर देण्याच्या सोप्या युक्त्या. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. गॉगलनं पहिल्यांदाच गॉगल डोळ्यांवर ओढला, हसू लपवायला.

मी म्हणालो, यातून आपण शिकू. साहेब म्हणाले, आता गॉगल शिकेल. गेली खुर्ची. फार लागलं मनाला. जिन्यात जाऊन उगीचच वरखाली करत राहिलो.

प्रभारी म्हणून माझं शेवटचं काम: अडकलेल्या पाचही जणांच्या घरी जाऊन माफी मागायची. तोंडी.

२५ मार्च

माफीवरचे चार लेख वाचले. खरंच वाचले, शेवटच्या ओळीपर्यंत. आता दाखवतोच सगळ्यांना.

सुरुवात सासऱ्यांपासून. त्यांच्या समोर उभा राहिलो आणि खेद, जबाबदारी, पुढची पावलं असं सगळं क्रमानं म्हणालो. एकदाही अडखळलो नाही. सासूबाईसुद्धा हातातलं काम टाकून ऐकत होत्या. सासऱ्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, हे लग्नानंतर प्रथमच.

सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, परवा दाढ काढायला परत तिथंच जायचंय. लिफ्ट दुरुस्त झाली का?

ते मी कुणाला विचारलंच नव्हतं.