दसरा ते पाडवा: कोरे रकाने

१० जानेवारी १९९७

तर आधी चूल. कोपीच्या, म्हणजे आमच्या खोपटाच्या, तोंडाशीच तीन दगड मांडलेले. उसाच्या पाचटाने लगेच पेटायची. तिच्यावर पाणी. पाणी तापेपर्यंत मी पीठ मळायचे आणि हे, माझे मालक, बैल सोडून हौदावर न्यायचे. ते येईस्तोवर भाकरी झालेल्या असायच्या. मग मी मिरची रगडायचे, ते दोन्ही कोयत्यांना धार लावायचे. भाकरी फडक्यात बांधली की मी गाडीत बसायचे आणि हे म्हणायचे, "चला सरकार." रोज तेच. ऊसतोडीवरची एक साधी सकाळ, पाच वर्षांपूर्वीची.

आठवायचं कारण स्वाध्याय क्र. २. प्रकल्प व्यवस्थापनाच्या (प्र.व्य.) अभ्यासक्रमाच्या, टपालाने आलेल्या पुस्तकात आहे: रोजच्या सकाळची दहा कामे लिहा, प्रत्येकाला लागणारी मिनिटे लिहा, कोणते काम कोणाच्या आधी ते बाणाने दाखवा. मी आजचीच सकाळ लिहायला बसले होते. लिहून झाल्यावर पाहिलं तर ती सकाळ उतरली होती. ह्यांची चार कामं, माझी सहा. बाण दोन वाटांनी जाऊन शेवटी गाडीपाशी एकत्र.

तो कागद ठेवून दिला. दुसऱ्यावर आजची सकाळ काढली. दहा चौकोन, एकच रांग.

१२ जानेवारी

बीडला वर्ग. नेकनूरहून सकाळची एस.टी., उभ्यानेच. वर्गात चौदा जण, बाई मी एकटी. शिकवायला सय्यद सर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला हळू.

माझा कागद बराच वेळ धरून बसले. म्हणाले, "बाई, सगळी कामं एकामागं एक? एकाच वेळी होणारी कुठायत?"

पाणी तापतं तेव्हा पीठ मळते, एवढंच, असं सांगितलं. शेळी सोडणं आणि भाकरी थापणं एका माणसाला एका वेळी कसं जमेल.

"घरात दुसरं कोणी?"

"सासू हायत. गुडघे धरलेत."

सरांनी दहापैकी सहा दिले. चूक म्हणाले नाहीत. मागच्या बाकावरचा दोन पेनांवाला गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, बाईंनी चुलीचा प्रकल्प आणलाय. हसले. मी वळून विचारलं, "तुमच्या घरी चूल कोन पेटवतं? का आपोआप पेटती?" मग त्याचा शेजारीच जास्त हसला.

परतताना दोन पेनांवाल्याने एस.टी.त खिडकीची जागा दिली. 

२३ जानेवारी

गावात पाणी अडवायची कामं करणाऱ्या संस्थेचे साहेब येऊन गेले. नालाबांधांच्या कामावर दोन वर्षं मी हजेरी ठेवते, मापं लिहिते. आता वरून नियम आलाय. जूननंतर कामाची आखणी आणि देखरेख ज्याच्याकडे प्र.व्य.चं हे पहिलं प्रमाणपत्र असेल त्यालाच. "कौसल्याबाई, तुमचं काम चांगलं आहे, पण कागद लागेल." कागदाशिवाय माझी जागा जाणार, हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही, चहा पिताना मान हलवली.

जागा गेली तर दसऱ्याला, गाव ऊसतोडीला निघेल तेव्हा, काय? तोडीची टोळी नेणारा मुकादम माणसं मोजतो ती जोडीनं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटीला मोजायला त्याच्याकडे माप नाही.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. म्हणाल्या, "सातवी झालेली सून करून आनली तवाच म्या म्हनलं हुतं, ही कागदं खानार हाय."

खरं आहे. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचूनच माझं वाचन झालं. दहावी हे गेल्यावर बाहेरून दिली. आत्याबाईंनीच शेळीचं करडू विकून पुस्तकं आणून दिली होती. ते त्या काढत नाहीत.

९ फेब्रुवारी

आज कळलं असं वाटतं. कामांच्या ज्या वाटेला सगळ्यात जास्त वेळ लागतो तीच वाट सगळ्या कामाची तारीख ठरवते. बाकीच्या वाटांवर थोडी सैल वेळ असते. तिथे उशीर झाला तरी चालतो, ह्या वाटेवर एक दिवसही नाही.

येताना गाडीत विचार. आमच्यात ती लांब वाट माझी होती की ह्यांची? बैल पाणी पिऊन आले की ते कोपीपुढे उकिडवे बसायचे, तव्याकडे बघत. म्हणजे सैल वेळ त्यांच्याकडे. मला वाटायचं आळस करतात.

एकदाच तसं त्यांना बोलले होते मी. नसतं बोललं तर…

७ मार्च

शिवरात्र. आत्याबाईंचा कडक उपास, माझा चहापुरता.

भगवान मुकादम दोन दिवसांसाठी गावात आलाय. ह्यांचा चुलतभाऊ, मला भाऊजी. कारखान्याच्या गाडीतळावर ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा ह्यांना दवाखान्यात नेलं ते त्यानेच, त्यामुळे त्याच्याशी तोडून बोलवत नाही. ओट्यावर बसून म्हणाला, "वैनी, येक सांगू का? तलवाड्याचा येक मानूस हाय. बायकू गेली त्याची. दसऱ्याला त्याच्यासंगं तुमची जोडी लावतो. कामापुरतं. दोघांचा मिळून येक कोयता हुतो."

मी काही बोलायच्या आत आत्याबाई आतून म्हणाल्या, "भगवान, तुजा कोयता तुज्या घरी धार लावून ठिव."

तो हसत उठला. माणूस वाईट नाही. त्याच्या हिशेबी दोन अर्धे जमले की एक होतो.

कागद हवाच.

८ एप्रिल

पाडवा. माणसं परतली. साडेपाच महिने कुलपं होती त्या घरांतून धूर. रस्त्याने चालताना दर चार पावलांवर कोणी ना कोणी "कशी हाईस" विचारतं.

शेवटचा स्वाध्याय म्हणजे आपल्या भागातल्या एका कामाची पूर्ण आखणी. त्यावर तोंडी परीक्षा. मी गावचे तीन मातीचे बांध घेतले. खालचा, मधला, आणि वरच्या आळीच्या वरचा. तिसरा झाला तर वरच्या आळीची विहीर माघात आटणार नाही. तिथल्या बाया तीन महिने खालून पाणी नेतात, चढावर.

मुकादमाकडून मजुरांची यादी उतरवून घेतली. अठरा कोयते. छत्तीस माणसं.

२० एप्रिल

तक्ता गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या पाठीवर काढला. पाठकोरी जाड असते. वर महिने, डाव्या बाजूला कामं, आडव्या पट्ट्या.

दसरा ते पाडवा कोरा सोडला, गाव रिकामं म्हणून. पाडवा ते मृग, दोन महिने. त्यातून बाजाराचे दिवस वजा, कारण बाजाराला कोणी कामावर येत नाही. दोन अमावास्या वजा, त्या दिवशी बैल जुंपत नाहीत. लग्नाच्या दाट तिथी वजा. पुस्तकात फक्त रविवार वजा करतात. रविवारी आमच्याकडे सगळे कामावर असतात.

उरलेल्या दिवसांत दोन बांध बसतात. तिसरा बसत नाही. चार वेळा मांडलं. शेवटी तिसऱ्यापुढे लिहिलं, "दुसऱ्या वर्षी".

सय्यद सर खूश. दोन पेनांवाल्याला माझा तक्ता दाखवून म्हणाले, "हे बघा, हिला म्हणतात आखणी. अमावास्या कोणी धरली होती का बे?" तो आता सरांऐवजी माझ्यापुढे बसून शंका विचारतो.

४ मे

लेखी पेपर. तीन तास.  लांब वाट बरोबर निघाली, एकवीस दिवस. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी तेच सांगितलं.

बसस्टँडवर उसाचा रस प्यायले. फडावर ऊस होता सगळीकडे, रस कधी प्यायलो नव्हतो आम्ही.

२५ मे

तोंडी परीक्षा. बाहेरगावच्या परीक्षक बाई, माझ्याच वयाच्या असतील. चष्मा, सुती साडी. शेजारी सय्यद सर.

बाईंनी तक्ता टेबलावर पसरला. बाजार, अमावास्या पाहून बरं म्हणाल्या. मजुरांची यादी पाहिली, मोजमाप विचारलं, सगळं सांगितलं. तिसऱ्या बांधावर बोट ठेवलं. हा दुसऱ्या वर्षी का? दिवस पुरत नाहीत, म्हटलं. मग बोट वर सरकलं.

"इथे साडेपाच महिने कोरे आहेत."

तेव्हा गावात कोणी नसतं, सांगितलं. ऊसतोडीला जातात.

"कोणीच नसतं?"

"म्हातारी मानसं. ल्हान लेकरं. कामाचं कोनीच न्हाई."

"मग तुम्ही कुठे असता?"

मला प्रश्न कळला नाही. म्हणजे कळला.  सय्यद सर खाली बघत होते.

"मी असते," म्हटलं.

"तुमच्यासारख्या किती?"

बोटांवर मोजायला लागले. वरच्या आळीची धुरपदाबाई. तिची जाऊ, तिला नवऱ्याने टाकलंय. कुंभाराची सून. मोजता मोजता दुसऱ्या हातावर गेले. अकरा. जिला जोडी नाही ती प्रत्येक बाई. एकीचंही नाव यादीत नाही, कारण मी यादी मुकादमाच्या वहीतून घेतली आणि ती वही जोड्यांची आहे. दोन वर्षं मी त्या गावाची हजेरी लिहिते. अकरातली एक मी.

बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, अकरा जणी थंडीत दगड वेचू शकतात, पाया आखू शकतात, माती काढू शकतात. तसं धरून तिसरा बांध बसतो का, ते पुन्हा मांडून पाठवा. पंधरा दिवसांत. "तोवर निकाल राखून ठेवते. आत्ता मी पास म्हणत नाही, नापासही म्हणत नाही."

जिन्यात सय्यद सर गाठ पडले. म्हणाले, "मी पण नाही पाहिलं, बाई. मी फक्त अमावास्या पाहिली."

२६ मे

दिवसभर काही लिहिलं नाही, काही मांडलं नाही. शेण, पाणी, शेळी. रांगेतली कामं.

दुपारी स्वाध्याय २ चा तो पहिला कागद काढला, ठेवून दिलेला. दोन वाटांचा. तिथेही असंच झालं असणार. हे गेल्यावर मी त्यांची वाट पुसली, आणि तिच्याबरोबर स्वतःलाही माणसांत धरणं सोडलं. लोकांनी सोडलं म्हणून म्हणत होते इतके दिवस.

आत्याबाईंना परीक्षेचं सगळं सांगितलं. समजेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "त्या बाईला काहून सांगितलं कामाचं कोनीच न्हाई म्हनून? म्या काय मेले हाय?"

तसं नाही हो, म्हटलं. तुमचे गुडघे.

"दगड न्हाई उचलायची. अकरा जनींची लेकरं कोन बघल? सावलीला बसून बघीन. लिही माजं नाव. अन् धुरपदीला आदी इचार, ती न्हाई म्हनली तर बाकीच्या येनार न्हाईत. लई ताठ हाय."

धुरपदाबाई हो म्हणेल याची खात्री नाही. मागच्या वर्षी ती कामावर आली होती. जोडीच्या कामाला जोडीच पायजे, असं मीच सांगून तिला परत पाठवलं होतं. साहेबांनी सांगायला लावलं नव्हतं. मुकादमानेही नाही.

तेव्हा तिने बाजूला ठेवलेल्या पाण्याच्या घागरी उचलल्या. पदर खोचून चढावर निघून गेली. दोन घागरी होत्या.

२८ मे

बारा नावं झाली तर तिसरा बांध शिमग्याच्या आधी पुरा होतो. आज पहाटे अंधारातच मांडून पाहिलं. दहा झाली तरी होतो. त्याखाली नाही. आता लांब वाट म्हणजे ही नावं जमवणं, आणि तिच्यावर सैल दिवस एकही नाही. पंधरातले तीन गेले.

मुकादमाच्या वहीतून उतरवलेली यादी तशीच ठेवली. ती खोटी नाही, अर्धी आहे. नव्या कागदावर आधी माझं नाव लिहिलं, मग आत्याबाईंचं. पुढे दहा ओळी आखून ठेवल्या.

उजाडल्यावर आत्याबाईंना चहा दिला, शेळी सोडली, आणि कागद घेऊन वरच्या आळीला धुरपदाबाईच्या दारात जाऊन बसले. ती पाण्याला गेली होती. मी तिची दुसरी घागर घेतली आणि खाली विहिरीकडे गेले.