घोटभर तरी

मंगळवार, ९

ठमीचे टॉन्सिल्स काढले. दुपारी घरी आणलं. चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — घसा कोरडा पडता कामा नये, थोडं थोडं पाजत राहा, गार नि मऊ असेल ते भरवा. आईस्क्रीम म्हटल्यावर आठ वर्षांची पोर उठून बसेल वाटलं होतं. तोंड फिरवलं!

तिला बोलवत नाही, म्हणजे घरच मुकं झालं. एरवी "बाबांना सांग, गॅस संपलाय", "आईला सांग, उशीर होईल" — आमचा संसार तिच्याच तोंडून चालतो. मी नि हा, दोघं कित्येक महिन्यांत एकमेकांशी बोललेलो नाही. दोन खोल्यांच्या घरात!

बुधवार, १०

अर्धी वाटी गार दूध, तेही डोळ्यांत पाणी आणून. कानाला हात लावून दाखवते. नर्सला फोन केला. घशाचं दुखणं कानात उतरतं म्हणे, घाबरू नका. औषध वेळेवर द्या, पोरगी रडायची वाट बघू नका. ते लागू पडलं की मग पाजा.

हा औषधाची बाटली घेऊन दारात उभा. आधी ठमीकडे बघितलं. मग भिंतीकडे. शेवटी म्हणाला, "किती?"

"पाच मिली."

बस्स, एवढंच. माझे कान तापले, उगाचच.

गुरुवार, ११

रजा वाढवून मागितली. छापखान्यातल्या मोठ्या बाई कुरकुरल्या. दिवसभर पंख्याची घरघर आणि ही पोर. भिंती अंगावर येतात. हा घड्याळांचं दुकान लवकर बंद करून येतो, मग तर श्वासच कोंडतो. पण बोलावं लागतं. ताप आहे का. तू जेवून घे, मी बसतो. कामापुरतंच. ठमी डोळे मिटून पडलेली असते, पण झोपलेली नसते.

शुक्रवार, १२

दोन चमचे पेज. पाणी नाही.

शनिवार, १३

ओठांची सालं निघताहेत. सकाळपासून लघवीलाही गेली नाही. नर्सने विचारलं, रक्त नाही ना आलं? नाही. मग म्हणाली, संध्याकाळपर्यंत प्यायली नाही तर घेऊन या, सलाईन लावावं लागेल.

लाडीगोडी झाली, धाक झाला. ह्याने पेला धरला, मी चमचा. औषध मुकाट घेते, मग पाणीच का नको? फार दुखतंय का, विचारलं.

"दुखतं. पण त्यामुळे नाही." ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बोलली, तेही कुजबुजत. मग म्हणाली, "घसा बरा झाला की परत मलाच निरोप सांगायला लावाल."

मला मान वर करवेना. पेला ह्याच्या हातात तसाच. तो म्हणाला, "नाही लावणार." मीही तेच म्हटलं. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, दुकानदाराने नोट उजेडात धरून बघावी तसं. मग घोट घेतला. कळवळली. दुसरा घेतला.

रविवार, १४

प्यायली. लघवी झाली. भातही मागितला, मऊ.

सोमवार, १५

आज ह्याला सरळ सांगितलं — मला वेगळं राहायचंय. "मलाही," तो म्हणाला. मग किती वेळ बोलत बसलो आम्ही! ठमीला दोघांनी मिळून सांगायचं ठरलंय.