गंडभेरुंडाची हाडं

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ डिसेंबर २०२५

धैर्यशीलकाका,

नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, बरं वाटलं. इकडे सगळे ठीक. अम्मीला आता कमी दिसतं, पण फोनवर तुमचा आवाज तिनं लगेच ओळखला.

सांगितल्याप्रमाणे गंडभेरुंडाच्या बाहुल्याची पेटी पाठवतेय. तुमच्या सिनेमाला छत्तीस वर्षं झाली, नवी प्रत निघाली, रविवारी तुमचा सत्कार. "पेटी सीलबंद पाठव, पोरी. स्टेजवरच फोडू. गंडभेरुंड मी लोकांसमोर हलवून दाखवतो," म्हणालात. गंमत वाटली. तो दोन डोक्यांचा पक्षी तुम्ही कधी हलवलाच नव्हता. घड्याळाच्या दुकानामागच्या खोलीत माझे अब्बा त्याला केसभर हलवायचे, बाजूला व्हायचे, कॅमेऱ्याचं बटण दाबायचे, परत केसभर. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस वेळा. चार मिनिटांच्या लढाईला अकरा महिने. तुम्ही दारातून विचारायचात, "लालासाब, उडालं का न्हाय पाखरू?"

अब्बा म्हणायचे, "आज एक पंख वर गेलाय. खाली यायला गुरुवार उजाडंल."

पहिल्या खेळाची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मी दहा वर्षांची होते. अब्बांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पडद्यावर पाटी आली, गंडभेरुंड कुणी घडवला त्याची. नाव तुमचं होतं. मी टाळ्या वाजवतच राहिले. वाटलं, पुढची पाटी अब्बांची. अम्मीनं माझे हात धरले. घरी येताना अब्बा एवढंच बोलले, "पाखरू बरं उडालं की गं."

त्यानंतर ते कुठल्याही थेटरात गेले नाहीत.

मार्चमध्ये अब्बा गेले. शेवटच्या दिवसांत त्यांचा अंगठा आणि तर्जनी चादरीवर सरकायची. केसभर. थांबायची. परत केसभर. म्हणून गेल्या महिन्यात मी तुम्हाला फोन केला, नव्या प्रतीत त्यांचं नाव घाला म्हणाले. तुम्ही हसलात. "लालासाब घड्याळं दुरुस्त करायचा, जुलेखा. कलाकार वेगळा असतोय."

तुम्ही मागितलेली पेटी द्यायचं मी त्याच क्षणी ठरवलं.

हे पत्र पेटीत, पक्ष्याच्या अंगावर ठेवतेय. म्हणजे वाचताना तुम्ही स्टेजवर असाल. आता त्याला उचला. लोळागोळा होईल. पोटाची शिवण उसवून, अब्बांनी पितळी सांधे जोडून केलेला सांगाडा मी काढून घेतला आणि पोट परत शिवलं. तुमच्या हातात नुसतं बकऱ्याचं कातडं आहे, आणि पिसं.

हाडं माझ्या मांडीवर आहेत. तिसऱ्या रांगेत, अम्मीशेजारी. हा पक्षी कुणी घडवला, कुणी उडवला, ते माइकवर सांगा. मी वर येऊन सांगाडा बसवून देते. नाहीतर तो असाच लोंबता धरून उभे राहा. मला घाई नाही. एक पंख खाली यायला किती दिवस लागतात, ते मी लहानपणापासून बघितलंय.

चष्मा लावा, काका. अब्बांचं पूर्ण नाव घ्या. माहीत नसेल तर माझ्या सहीत आहे.

जुलेखा लालासाब मुजावर