नऊ दिवस अनवाणी

१७ ऑक्टो. २००१, बुध.
घट बसले. सासूबाईंचा उपवास नि अनवाणी सुरू. साखर आहे, निदान मळ्यात चपला घाला म्हटलं, तर म्हणाल्या तुझ्या दवाखान्याच्या आधीपासून देवी हाय. ह्यांनी पेपरात तोंड खुपसलं. नेहमीचंच.
साबुदाण्याची खिचडी करून ड्यूटीवर. हॉस्पिटलच्या मासिक पत्रकाचा मजकूर द्यायचाय, या वेळी 'मधुमेह आणि पाय'. गेल्या महिन्याचं माझं 'मधुमेह आणि उपवास' गावोगाव भिंतींवर लागलंय म्हणे. जरा मिरवावंसं वाटलं.

१९ ऑक्टो.
हरसूलला मधुमेहाचं शिबिर. रांगेतल्या प्रत्येकाचे पाय उलटे करून पाहिले, बोटांच्या बेचक्यासुद्धा. एका म्हाताऱ्याच्या टाचेला भेग, त्याला चांगलं झापलं. पत्रकात शिबिराची बातमी दोन ओळी.
घरी आले तर सासूबाई पडवीत झेंडूच्या माळा ओवतायत. सुई मोडली म्हणून कुरकुर. दुसरी दिली. तुकडा शोधायला कुणाला वेळ.

२२ ऑक्टो.
सासूबाई डावा पाय नीट टेकत नाहीत. विचारलं तर थकले म्हणे. बघू म्हटलं तर लुगडं खाली ओढलं. सुनेनं पाय बघायचा नसतो. मीही चिडले, राहू दे तर राहू दे. बस चुकत होती.
मजकूर दिला. 'तळवा स्वतःला दिसत नसेल तर घरातल्यांनी रोज पाहावा.' पत्रक काढणाऱ्या सरांना आवडला.

२६ ऑक्टो. दसरा
सोनं दिलं, पाया पडायला वाकले आणि वास आला. वॉर्डातला. ओळखायला वेळ लागला नाही.
तळवा काळानिळा, वर हळद थापलेली. आत सुईचा तुकडा. किती दिवसांचा कुणास ठाऊक.
"दुखत नाय गं, मग कसली जखम?"
साखर मशीनच्या आकड्यात मावेना. गोळ्यांचं पाकीट काढलं, नऊ दिवसांच्या सगळ्या तशाच. देव्हाऱ्याशेजारी माझं गेल्या महिन्याचं पत्रक घडी करून ठेवलेलं. शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं होतं. 'उपवासाच्या दिवशी साखरेची गोळी घेऊ नका, साखर एकदम उतरते.'
माझी ओळ. मला सांगितलं नव्हतं त्यांनी, कारण मला माहीतच असणार.
ॲडमिट केलं.

२७ ऑक्टो.
ती ओळ लिहिताना डोळ्यांपुढे रिकामं पोट होतं. पुस्तकातलं. आपल्याकडे उपवास म्हणजे दोन वेळा साबुदाणा, बटाटा, वर राजगिऱ्याचे लाडू. हे मला कुणी सांगायला हवं होतं? रोज सकाळी खिचडी कोण करत होतं?
ह्यांना सगळं सांगितलं. पेपर उघडून बसले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० ऑक्टो.
सासूबाईंच्या पायाची दोन बोटं काढली. पू बराच. ताप हटत नाही.
सरांकडे गेले, पत्रकात दुरुस्ती छापा म्हटलं. म्हणाले पुढच्या अंकात बघू, लोकांचा विश्वास उडतो असल्यानं. आणखी कुणी गोळ्या सोडल्या असतील तर? असं विचारलं तर त्यांनी पुढची फाईल ओढली.
रजा टाकली. दुपारभर बसून 'उपवासातही गोळ्या सोडू नका' असे कागद हातानेच लिहिले. शिबिराच्या जीपवाल्याला दिले, जुन्यावर चिकटव म्हटलं. किती गावांत चिकटवतोय देव जाणे. लाज वाटते, दुसरं काय.

३ नोव्हें.
सर्जन म्हणाले, गुडघ्याखाली कापावा लागेल. उद्या. नाहीतर जिवावर बेतेल.
फॉर्मवर अंगठा सासूबाईंचाच लागतो. ह्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेले. वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाल्या, "तुझ्या आईचा पाय असता तर तू काय केलं असतं?"
कापा म्हणाले असते. उत्तर तयार होतं, तोंडाशी आलं होतं. पण आईचा पाय मी बावीस तारखेलाच बघितला असता. तिने कितीही लुगडं ओढलं असतं तरी.
हातातला फॉर्म नीट करत बसले. त्यांनाही ते कळलं असावं. रागावल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.
फॉर्म उशीशी ठेवलाय, अंगठा अजून उठलेला नाही. सिस्टरला शाईचं पॅड आणायला सांगितलंय. ऑपरेशनला सकाळी नऊची वेळ दिलीय.