मान खाली घातलेली फुलं

१२ जून
चि. न्हावीबुवांस अनेक आशीर्वाद.
कापलं की दाट येतं, हा तुझा सल्ला गिऱ्हाइकांसाठी ठेव. बुटका बांबू हिवाळ्यात कापला तर तसं होतं खरं. पण आत्ता, नवी पानं फुटल्या फुटल्या कापला की मुळांतला साठा संपतो आणि तो हटतो. माझ्या राखणीतल्या या जंगलात तो कमरेएवढा माजलाय, खाली कवडसाही पोचत नाही. कापणीचं हे तिसरं वर्ष.
बाबा म्हणतात, त्यांच्या लहानपणी ही जमीन पांढऱ्या फुलांनी भरायची. हल्ली ते नावं विसरतात, म्हणून सगळ्यांनी हाही त्यांचा भ्रमच ठरवला. मला ते खरं करून बघायचंय.
लोभ ठेव, सल्ले आवर.
ताई

५ फेब्रुवारी
ती. ताईस सा. न. वि. वि.
काल दाढी करताना बाबांनी मला हळूच विचारलं, की ती फुलं त्यांनी स्वप्नात तर पाहिली नव्हती ना. मी वस्तरा खाली ठेवला. लोकांनी खोटं पाडलं ते चाललं, आता ते स्वतःलाच खोटं समजायला लागलेत. ताई, काही उगवलं तर लगेच कळव. नाही उगवलं तरी उगवलं म्हणून लिही.
रागावून का होईना, माया असू दे.
तुझा भाऊ

२८ मार्च
चि. भावास आशीर्वाद.
खोटं लिहायची वेळ आली नाही. आज पाहते तर पाय ठेवायला जागा नाही. बांबू कापला तिथे थेट झाडांच्या बुंध्यांपर्यंत पांढरं, दूध उतू गेल्यासारखं. इतकी वर्षं त्या फुलांचे कंद अंधारात जीव धरून होते. मी जोडे काढले आणि कडेलाच बसून राहिले. कोयता हातातच होता.
बाबांना हे वाचून दाखव, आणि त्यांना जप.
ताई

४ एप्रिल
ती. ताईस सा. न. वि. वि.
वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, पोरगी मला बरं वाटावं म्हणून लिहितेय. मी शपथ घेतली तरी ऐकेनात. शेवटी म्हणाले, ती फुलं मान खाली घालून असतात. तिला म्हणावं, एक वर करून बघ, आत जांभळी रेघ असेल. नसेल तर माझंच डोकं फिरलंय.
ताई, मला भीती वाटते.
तुझा भाऊ

९ एप्रिल
ती. बाबांस साष्टांग नमस्कार.
पत्र हातात पडलं तशी गेले. बहर ओसरला होता, थोडीच फुलं उरली होती. इतके दिवस मी ती वरूनच पाहिली. आज गुडघे टेकले, गाल मातीला लावला आणि एक फूल न तोडता वर केलं.
रेघ आहे, बाबा. जांभळीच आहे.
जूनमध्ये ओढ्यापलीकडचा बांबू कापायला घेतेय. तिथे काय काय फुलायचं, तेवढं आठवून कळवा.
तुमचीच