मुकुंद आता कुणाचा कान धरतो

प्रिय उमा,

तुझा राग पोचला. फोनवर तू गप्प झालीस की मला कळतं, लहानपणीही तू अशीच भरल्या पानावर रुसून बसायचीस. मी धडधाकट असताना तुझ्या चाळिशीतल्या भावाला पडेगावच्या विशेष मुलांच्या संस्थेत नेऊन ठेवलं, हे तुला पटलेलं नाही. नसू दे पटलेलं. तरी तिथलं सगळं सांगते, नाहीतर पुण्यात बसून तू भलतंच काहीतरी मनात घेशील.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, हे खरं आहे. महिनाभर भेटायला येऊ नका, अशी तिथली जुनी पद्धत. आई दिसली की पोरं घराचा धोशा लावतात म्हणे. मुकुंद फाटकाकडे पाठ करून बसायचा आणि शर्टाची बटणं तोडायचा. घरी जीव घाबरला की तो माझा कान धरायचा, अंगठ्यानं पाळी चोळत राहायचा, तुला आठवत असेल. तिथं त्याला धरायला कुणाचा कानच नव्हता. मग संस्था चालवायला नव्या बाई आल्या आणि त्यांनी ही रीत बंद केली. त्या म्हणाल्या, इथं प्रत्येकाला आपलं असं एक माणूस हवं, आणि त्या माणसाचा लळा लागेपर्यंत आईनं समोर असायला हवं. आईचा विश्वास बसलेला दिसला की मग लेकराचाही बसतो.

मुकुंदच्या वाट्याला वहिदा आली. उस्मानपुऱ्याहून मी रोज रिक्षानं जाऊ लागले. तिच्याशी गप्पा मारायच्या, तिच्या हातचा चहा प्यायचा आणि मुकुंदनं ते बघायचं, एवढंच माझं काम. ती त्याची नखं कापायला बसली की माझे हात शिवशिवायचे. ती म्हणायची, "काकू, तुम्ही नुसतं बसा ना इथं. लई घाई नाय करायची, त्याला येऊ द्या." नुसतं बसणं मला जन्मात जमलेलं नाही. ती कामावर आली की कानातलं काढून पिशवीत टाकते. मला वाटलं, संस्थेचा नियम असेल. विचारलं तर म्हणाली, त्याला कधी कान धरावासा वाटला तर टोचायला नको. तेव्हा त्यानं तिच्या कानाला एकदाही हात लावला नव्हता.

परवा दारात त्याचं बोट चेमटलं. आम्ही दोघी एकदमच उठलो. तो रडत आला, माझ्या पुढून गेला आणि त्यानं वहिदाचा कान धरला. खरं सांगते, मला झोंबलं. घरी येऊन भांडी जरा जास्तच आपटली. मग वरणभात केला आणि पोटभर जेवले. याचसाठी तर त्याला तिथं ठेवलं होतं. मी असतानाच त्याला दुसरं माणूस लागायला हवं होतं, उमा. माझ्या माघारी ते कुणी घडवलं असतं?

तुझे बाबा गेले तेव्हा काकासाहेबांनी त्याला चितेगावला धाडलं होतं. बाबा गावाला गेलेत, असं सांगितलं. आपल्याकडे अशा मुलांना असंच सांगतात, आणि सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण अजूनही दारात स्कूटर थांबली की मुकुंद उठून बघतो.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. या वयात धोका असतोच, असं डॉक्टर म्हणाले. तू ये, रागावलेली असलीस तरी ये. सगळं नीट पार पडलं तर हे पत्र फाडून टाक. नाही पडलं, तर आई गावाला गेली असं मुकुंदला कुणी सांगायचं नाही. त्याला घरी आणा, वहिदाला बरोबर आणा. माझ्या कुड्या तू आधीच काढून ठेव. त्याला माझा कान धरायचा असेल तर हवा तेवढा वेळ धरू दे, आणि काकासाहेब त्याला बाजूला न्यायला आले तर तू मध्ये उभी राहा. कान गार लागेल. मी बोलणार नाही. त्याला जे कळायचं ते हातानं कळेल. मग तो वहिदाकडे वळेल. तेव्हा त्याला वळू दे.

तुझीच,
आई